कुस्तो आणि नदीत सापडलेला बग

झाक कुस्तो म्हटलं की लाल टोपी, कॅलिप्सो जहाज आणि समुद्र आठवतो. पण स्कूबाचं त्याचं पहिलं टेस्टिंग झालं गोड्या पाण्यात.

१९१० साली फ्रान्समध्ये जन्मलेला कुस्तो नौदलात होता. व्हायचं होतं वैमानिक. १९३६ च्या कार अपघातात हात मोडले आणि ते राहिलं. हातात ताकद यावी म्हणून पोहायला लागला, आणि पाण्याखालचं वेडच लागलं.

१९४२ च्या शेवटी त्याला एमिल गान्याँ हा इंजिनिअर भेटला. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून गान्याँने गाडी गॅसवर चालवायला एक व्हॉल्व्ह बनवला होता. इंजिन ओढेल तेवढाच गॅस तो सोडायचा. कुस्तोला हेच हवं होतं, फक्त इंजिनाच्या जागी फुप्फुसं.

जानेवारी १९४३. पॅरिसजवळची मार्न नदी, कडाक्याची थंडी. आडवं पोहताना यंत्र मस्त चाललं. उभं राहिलं की हवा भसाभसा वाया जायची, डोकं खाली केलं की श्वास अडायचा. का? हवा आत येण्याची आणि उच्छ्वास बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे दोन्हीकडे पाण्याचा दाब वेगळा. दोन्ही एका पातळीवर आणल्या, बग संपला. (असा बग कोडमध्ये शोधायला आम्हाला आठवडा लागतो.)

१९४६ मध्ये मात्र जीव जाता जाता वाचला. व्होक्लूझच्या खोल झऱ्यात तो आणि द्युमा सुमारे ४५ मीटर खाली असताना दोघांची शुद्ध हरपू लागली. कुस्तो दोरी धरून वर चढू लागला, पण ते हिसके वरच्या फार्गला आणखी दोरी सोडण्याची खूण वाटले. शेवटी त्याला शंका आली आणि त्याने दोरी ओढून घेतली. रेग्युलेटर ठीक होता. सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर स्वतःचाच धूर आत ओढत होता, त्यामुळे हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता.

१९६८ मध्ये टीम टिटिकाका सरोवरात उतरली, उंची सुमारे ३,८०० मीटर. इंकांचं सोनं काही मिळालं नाही, त्वचेतून श्वास घेणारे मोठाले बेडूक मिळाले. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी. समुद्रात १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, इथे अडीच पटींहून जास्त. म्हणून समुद्रासाठीचं वर येण्याचं वेळापत्रक इथे वापरलं तर रक्तात बुडबुडे होण्याचा धोका. आजच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये गोडं पाणी आणि उंचीच्या सेटिंग असतात, त्या उगाच नाहीत.

कुस्तो १९९७ मध्ये पॅरिसमध्ये वारला.