महर्षी अण्णासाहेब कर्वे आणि इंग्रजीची परीक्षा

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र लिहून द्यावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या मनात प्रथम संतांची व वीरांची नावे आली. परंतु त्याच आठवड्यात माण येथील एका ज्ञातिबांधवाच्या घरी जाण्याचा योग आला आणि विषय आपोआप ठरला.

आमच्या लहानपणी माण म्हणजे भाताची खाचरे, बैलगाडीची वाट आणि संध्याकाळी देवळातले भजन. आज हिंजवडीपासून माणपर्यंत माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि आपल्या समाजातील घराघरांत परदेशगमनाच्या गोष्टी चालतात. त्यासाठी मुलांना इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा द्यावी लागते. आयईएल्टीएस हे तिचे नाव आता आजीबाईंच्याही तोंडी बसले आहे. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे तिचे चार भाग. गुणांऐवजी शून्य ते नऊ असे बँड. आणि दोन वर्षांनी निकालाची मुदत संपते. ज्या घरी मी गेलो होतो तेथील कन्या परिचारिका आहे. तिला इंग्लंडात नोकरी करावयाची होती. तीन भागांत तिचे उत्तम झाले, लेखनात अर्धा बँड कमी पडला. ती आतल्या खोलीत बसून होती, बाहेर आली नाही. वडील म्हणाले, एवढे पैसे गेले, आता पुरे. मला आठवले की याच घरी तिच्या थोरल्या बंधूसाठी हीच फी दोनदा भरली गेली होती. मी तेथे काही बोललो नाही. चहा घेतला आणि निघालो. घरी येताना वाटेत मला अण्णासाहेब कर्वे आठवले.

काही वाचक विचारतील की अण्णासाहेब आपल्या ज्ञातीचे नव्हेत, मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी? त्यांच्या स्वतःच्या ज्ञातीनेही एके काळी त्यांना आपले मानले नव्हते. तो प्रसंग पुढे येईलच.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर मुरूडचे. हे मुरूड म्हणजे जंजिऱ्याजवळचे नव्हे, दापोलीजवळ समुद्रकाठी असलेले. घराण्याचे पूर्वीचे वैभव ओसरलेले होते. वडील परगावी अल्प वेतनावर चाकरी करीत. गावात सोमण गुरुजी या शिक्षकांनी मुलांना पुस्तकांबरोबर सार्वजनिक कामाचीही गोडी लावली होती. देवळात जमलेल्या गावकऱ्यांस वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम गुरुजींनी धोंडूकडे दिले. मुलगा अंगाने किरकोळ, स्वभावाने अत्यंत भिडस्त. चारचौघांत तोंड उघडताना ज्याच्या घशाला कोरड पडे, त्याला गुरुजींनी नेमके हेच काम द्यावे, यात शिक्षकाची दृष्टी दिसते.

त्या काळी मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाले की प्राथमिक शिक्षकाची अथवा लहानशी कारकुनीची नोकरी मिळू शके. १८७५ साली धोंडू सतरा वर्षांचा झाला व परीक्षेस पात्र ठरला. केंद्रे मुंबई आणि सातारा. पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे समुद्रमार्गे मुंबई गाठणे शक्य नव्हते. म्हणून सोबत्यांसह पायी साताऱ्यास जावयाचे ठरले. अंतर सुमारे ११० मैल. पाठीवर वळकटी, वाटेत कुंभार्ली घाटाची चढण, वरून पाऊस. ज्यांनी आषाढ-श्रावणात सह्याद्रीची वाट तुडविली आहे, त्यांस या प्रवासाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. मुले वेळेवर पोहोचली. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी धोंडूकडे पाहिले. वयाचा दाखला हाती होता, परंतु हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही असे सांगून त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वीच परीक्षा संपली. सोबती आत बसले आणि हा बाहेर राहिला.

मी पस्तीस वर्षे परीक्षांच्या वेळी वर्गात पर्यवेक्षण केले आहे. अनुत्तीर्ण झालेला मुलगा आणि परीक्षेलाच बसू न दिलेला मुलगा यांच्या दुःखात अंतर असते. पहिल्याला निदान स्वतःची चूक शोधता येते. अण्णासाहेबांनी वृद्धपणीही हा प्रसंग विसरला नव्हता. आत्मवृत्तात त्यांनी तो सविस्तर लिहिला आहे, मात्र त्या अधिकाऱ्याविषयी कटुता न ठेवता. पुढे तीच परीक्षा त्यांनी कोल्हापूर केंद्रातून दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

आता मास्तरकी मिळाली असती. परंतु या तरुणाने इंग्रजी शिकावयाचे ठरविले. त्या वयात! बरोबरीची मुले संसाराला लागली होती. त्यांचे स्वतःचेही लग्न लहानपणीच राधाबाईंशी झालेले होते. अशा स्थितीत त्यांनी आपल्याहून वयाने लहान मुलांबरोबर बसून इंग्रजी मुळाक्षरांपासून आरंभ केला. प्रथम मुरूडलाच, नंतर काही काळ रत्नागिरीच्या हायस्कुलात आणि शेवटी मुंबईस रॉबर्ट मनी स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत शिकवण्या करून पोट भरावे आणि उरलेल्या वेळात अभ्यास करावा, असा क्रम होता.

त्या वेळची मॅट्रिकची परीक्षा आजच्या पिढीच्या ध्यानात येणार नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि दोनच वर्षांनी पहिली प्रवेश परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. इंग्रजी हा तिच्यातील एक विषय होताच, पण तेवढ्याने भागत नसे. गणित असो, इतिहास असो की भूगोल, उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागत. म्हणजे भूमितीचा सिद्धांत कळला तरी तो परक्या भाषेत मांडता आला नाही तर व्यर्थ. आज इंग्रजीची परीक्षा वेगळी घेतात, तेव्हा प्रत्येक विषयाची परीक्षा हीच इंग्रजीची परीक्षा होती. धोंडो केशव कर्वे ही परीक्षा १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी उत्तीर्ण झाले. सोळा-सतराव्या वर्षी मॅट्रिक होणारी हुशार मुले तेव्हाही होतीच. पण उशिरा निघूनही मुक्काम गाठणारा प्रवासी मला अधिक जवळचा वाटतो, कदाचित मी स्वतः इंग्रजीत एकदा आपटी खाल्ली म्हणून असेल.

नंतर विल्सन व एल्फिन्स्टन या महाविद्यालयांतून शिकून १८८४ साली गणित घेऊन ते बी. ए. झाले. मुंबईतील कथीड्रल व अलेक्झांड्रा या मुलींच्या शाळांत त्यांनी गणित शिकविले. कुंभार्लीचा घाट चढून गेलेला मुरूडचा भिडस्त मुलगा इंग्रज मुलींना त्यांच्याच भाषेत गणित समजावून सांगत होता, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी राधाबाई निवर्तल्या.

११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाई या त्यांच्या मित्राची, नरहरपंत जोशी यांची भगिनी. मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या वृद्ध मातेलाही त्याची झळ लागली. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना लेखणी किंचित अडखळते, परंतु लिहिणे भाग आहे. ज्ञातिसंस्था आपल्या माणसांना आधार देते, तशी ती कधी कधी आपल्या उत्तम माणसालाच उंबऱ्याबाहेर उभे करते.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो पुण्याबाहेर हिंगणे येथील माळावर एका झोपडीत गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून अण्णासाहेब चिखलातून पायी हिंगण्यास जात. या कार्याची हकीकत सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही.

आपल्या विषयाशी संबंध येतो तो १९१५-१६ चा. जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली, आणि असे विद्यापीठ आपल्याकडेही असावे हा विचार दृढ झाला. १९१६ मध्ये त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ स्थापन केले. तेथे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. ज्याने आपली विद्या इंग्रजीच्या माध्यमातून इतक्या कष्टाने मिळविली, त्यानेच हा निर्णय घ्यावा याचे अनेकांस आश्चर्य वाटले. मला वाटत नाही. मुलींना संसाराच्या कामातून अभ्यासासाठी किती घटका मिळतात, हे त्यांनी हिंगण्यास पाहिले होते. त्या घटका इतिहास-शास्त्र समजून घेण्यात जाव्यात, परक्या भाषेशी झटापट करण्यात सगळ्याच खर्च होऊ नयेत, असा त्यांचा हिशेब होता. ते गणिताचे प्राध्यापक होते, हे विसरून चालणार नाही.

पण त्यांनी इंग्रजी टाकून दिली नाही. माध्यम मातृभाषा, आणि इंग्रजी हा आवश्यक विषय, अशी त्यांची योजना होती. महात्मा गांधींना मातृभाषेचा भाग मनापासून पटला, परंतु इंग्रजी सक्तीची नसावी, ऐच्छिक असावी, असे त्यांचे म्हणणे पडले. अण्णासाहेबांनी एवढ्या थोर माणसाशीही नम्रपणे मतभेद नोंदविला आणि आपला आग्रह सोडला नाही. जगाची दारे मुलींसाठीही उघडी असावीत, आणि त्यांची किल्ली त्यांच्या हाती असावी, एवढेच त्यांना हवे होते. विद्यापीठाची पदवी घेणारी विद्यार्थिनी गृहीतागमा म्हणवली जाई. सरकारी मान्यतेसाठी या पदवीला फार काळ थांबावे लागले; कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली. मधल्या काळात १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊन संस्था सावरली व तिला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले.

१९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, अण्णासाहेब परदेशी निघाले. इंग्लंडात माल्व्हर्न येथील शिक्षकांच्या परिषदेस ते उपस्थित राहिले. लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी भारतातील स्त्रीशिक्षणावर भाषण केले. जिनिव्हा व एल्सिनोर येथील शिक्षण परिषदांत भाग घेतला, नंतर अमेरिकेत अनेक ठिकाणी व्याख्याने दिली आणि टोकियोचे महिला विद्यापीठ पाहून १९३० च्या एप्रिलमध्ये ते स्वदेशी परतले. पुढे लगेच आफ्रिकेचा दौरा. वक्ते म्हणून ते प्रसिद्ध नव्हते. देवळात वर्तमानपत्र वाचताना लाजणाऱ्या त्या मुलाने सत्तरी उलटल्यावर तीन खंडांत इंग्रजीतून व्याख्याने दिली, एवढे नमूद करून पुढे जातो. १९३६ मध्ये त्यांनी आपले चरित्र इंग्रजीतही लिहून प्रसिद्ध केले. १९५८ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाची १०४ वर्षे पूर्ण करून, ते निवर्तले.

परदेशी परीक्षांविषयी एक माहिती पालकांसाठी देतो. केंब्रिज विद्यापीठाने परभाषिकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा प्रथम १९१३ साली घेतली. ती सुमारे बारा तास चालली, परीक्षार्थी अवघे तीन होते, आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. टोफेल १९६४ पासूनची आणि आयईएल्टीएस १९८९ पासूनची. या परीक्षा कितीही वेळा देता येतात. हरकत असते ती बहुधा फीची.

माणच्या त्या घरी मी पुन्हा गेलो तेव्हा सातारची हकीकत वडिलांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारले, मग त्या मुलाला पुन्हा परीक्षेस बसण्याचा खर्च कोणी दिला? याचे उत्तर मला देता आले नाही. मुलगी या वेळी बाहेरच्या खोलीत होती. लेखनाच्या भागासाठी रोज एक निबंध लिहून मला दाखवावा असे मी तिला सांगितले आहे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, पण वाक्य कोठे तुटते ते मला दिसते. फीचा प्रश्न मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीपुढे ठेवावा अशी विनंती मी सचिवांस लेखी केली आहे.

अण्णासाहेबांचे आत्मवृत्त मंडळाच्या वाचनालयासाठी मागविले आहे. ज्यांना वाचावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावे.