जाँ व्हिगो : एक अल्पायुषी चित्रपटकार

मनुष्याच्या कर्तृत्वाचें माप वर्षांनीं घ्यावयाचें नसतें, याची साक्ष फ्रेंच चित्रपटकार जाँ व्हिगो याचें चरित्र देतें. त्याचे सारे चित्रपट ओळीनें पाहिले तरी तीन तास लागत नाहींत. तथापि जगांतील थोर चित्रपटकारांत त्याची गणना होते.

व्हिगोचा जन्म पॅरिस येथें २६ एप्रिल १९०५ रोजीं झाला. त्याचे वडील अराज्यवादी पत्रकार असून मिगेल आल्मेरेदा या नांवानें प्रसिद्ध होते. १९१७ सालीं, महायुद्ध चालू असतां, शत्रूशीं संधान बांधल्याच्या आरोपावरून त्यांस अटक झाली, आणि ऑगस्टमध्यें ते फ्रेन येथील तुरुंगांत गळा आवळलेल्या स्थितींत मृत आढळले. बारा वर्षांच्या जाँला देशद्रोह्याचा मुलगा म्हणून कोणीं हिणवूं नये, यासाठीं त्याला परक्या आडनांवानें वसतिगृहाच्या शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथील कडक शिस्त व एकाकीपण त्याच्या मनावर कायमचें कोरलें गेलें. पुढें वडिलांच्या नांवावरील कलंक धुऊन काढण्याची तळमळ त्यानें कधींच सोडली नाहीं.

तारुण्यांतच त्याला क्षयानें गांठलें. आरोग्यधामांत भेटलेल्या लिदू नांवाच्या पोलिश तरुणीशीं १९२९ सालीं त्याचा विवाह झाला. सासऱ्यांनीं दिलेल्या पैशांतून त्यानें कॅमेरा घेतला, आणि १९३० सालीं बोरिस कॉफमन याच्या साह्यानें नीस शहरावर एक लघुपट काढला. समुद्रकांठीं आळसावलेले श्रीमंत व अरुंद गल्ल्यांतील दरिद्री यांचीं चित्रें त्यांत शेजारीं शेजारीं मांडून त्यानें धनिकांच्या समाजावर कठोर टीका केली.

१९३३ सालीं 'वर्तनास शून्य' हा चित्रपट निघाला. वर्तनास शून्य मिळालें कीं मुलांची रविवारची सुटी जावयाची, अशा शाळेंतील चार मुलें समारंभाच्या दिवशीं छपरावर चढून बंड करतात, ही त्याची कथा. सरकारनें त्यावर बंदी घातली. ती दुसरें महायुद्ध संपल्यावरच उठली. परंतु व्हिगोचा रोष विद्येवर नव्हता. मुलाचें मन जाणून न घेतां त्याला केवळ दरडावणाऱ्या सत्तेवर होता.

अखेरचा चित्रपट 'लातालांत' हा मालवाहू नौकेवरील नवविवाहित जोडप्याचा. कडक हिवाळ्यांत त्याचें काम करतांना व्हिगोची प्रकृति पार ढांसळली. तो अंथरुणाला खिळला असतां मालकांनीं चित्रपट कापला, त्यांत एक लोकप्रिय गाणें घुसडलें व नांवही बदललें. ५ ऑक्टोबर १९३४ रोजीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, तो निवर्तला.

काळानें मात्र न्याय केला. १९५१ पासून फ्रान्समध्यें स्वतंत्र वृत्तीच्या दिग्दर्शकांस त्याच्या नांवानें पारितोषिक देण्यांत येऊं लागलें, आणि १९९० सालीं 'लातालांत' त्याच्या मूळ रूपाच्या शक्य तितक्या जवळ आणून पुन्हां दाखविण्यांत आला. ज्या मुलाला आपलें आडनांव लपवून शाळा शिकावी लागली, त्यानें तेंच नांव कलेच्या इतिहासांत सन्मानानें लिहून ठेविलें.