पाव मिलिग्रॅमचा अंदाज

स्वित्झर्लंडमधील बाझल शहर. १९ एप्रिल १९४३ च्या दुपारी सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. अल्बर्ट हॉफमन यांनी स्वतः तयार केलेल्या एका रसायनाचा पाव मिलिग्रॅम पाण्यातून घेतला. इतक्या कमी मात्रेने झाला तर किरकोळच परिणाम होईल, असा त्यांचा अंदाज होता. तासाभरात त्यांना चक्कर येऊ लागली, नीट बोलता येईना. महायुद्धामुळे मोटारींवर निर्बंध होते, म्हणून सहायकाला सोबत घेऊन ते सायकलवरून घरी गेले. घरातले सामान हलताना दिसू लागले, दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण भासली. आपल्याला वेड लागले, अशी भीती त्यांना वाटली. डॉक्टरांनी तपासले, तर डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीच आढळले नाही. दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत होते. ते रसायन म्हणजे एलएसडी.

हॉफमन यांचा जन्म ११ जानेवारी १९०६ रोजी बाडेन येथे झाला. झुरिच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून १९२९ मध्ये ते सँडोझमध्ये रुजू झाले. राय या धान्याच्या कणसात वाढणाऱ्या अरगट बुरशीतील घटक हा त्यांचा अभ्यासविषय. आपल्याकडे बाजरीवरही अरगट पडतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे, भारतातही वापरले जाणारे मेथर्जिन हे याच संशोधनाचे फळ. एलएसडी त्यांनी १९३८ मध्येच बनवले होते. पण प्राण्यांवर विशेष गुण न दिसल्याने ते मागे पडले होते.

१९४७ पासून सँडोझने ते मानसोपचारतज्ज्ञांना संशोधनासाठी दिले. १९५८ मध्ये हॉफमन यांनी मेक्सिकोतील अळिंबीतून सायलोसायबिन वेगळे केले. साठच्या दशकात मात्र एलएसडीचा नशेसाठी वापर बोकाळला. कंपनीने पुरवठा थांबवला, १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि संशोधन अनेक दशके थंडावले. भारतातही १९८५ च्या कायद्यानुसार ते बाळगणे गुन्हा आहे. आपल्या या शोधाला हॉफमन यांनी पुस्तकाच्या नावातच काळजीत टाकणारे मूल ठरवले.

आज परदेशात मायक्रोडोसिंगची चर्चा आहे. दर काही दिवसांनी साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम एलएसडी घेतल्यास मन प्रसन्न राहते, विचार तल्लख होतात, असा दावा केला जातो. हॉफमन यांनी घेतलेली मात्रा याच्या दसपटीहून जास्त, २५० मायक्रोग्रॅम होती. दावा तपासण्यासाठी २०२१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी १९१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या कॅप्सूलमध्ये औषध आहे की ती रिकामी आहे, हे घेणाऱ्याला कळू दिले नव्हते. मन:स्थिती दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. मोठा वाटा अपेक्षेचा होता.

तरीही हे प्रकरण निरुपद्रवी नाही. बेकायदा मालात नेमके काय आणि किती आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला तीव्र मानसिक आजार झालेला आहे, त्यांना धोका अधिक. मन खचले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे हाच सुरक्षित मार्ग.

हॉफमन २९ एप्रिल २००८ रोजी, १०२ व्या वर्षी निवर्तले. मात्रेचा अंदाज अनुभवी रसायनशास्त्रज्ञाचाही चुकला होता. स्वतःला आलेला अनुभव ही संशोधनाची सुरुवात असते, पुरावा नव्हे.