खमंग रंगाचे डॉक्टर : लुई मायार

मेसमधला टोस्ट तपकिरी का होतो, हे ज्यांच्यामुळे कळलं ते लुई कामिय मायार स्वयंपाकाच्या वाटेला गेलेच नव्हते! जन्म १८७८, फ्रान्समधला. सोळाव्या वर्षी (आपण तेव्हा दहावीत!) ते नान्सी विद्यापीठात शिरले, पुढे डॉक्टर झाले.

शरीरात अमिनो आम्लं जोडून प्रथिनं कशी बनतात, हा त्यांचा खरा प्रश्न. पॅरिसच्या लॅबमध्ये त्यांनी ही आम्लं आधी ग्लिसरीनबरोबर तापवली, मग साखरेबरोबर. मिश्रण पिवळं पडलं, मग गडद तपकिरी झालं, वर कार्बन डायऑक्साइडही सुटला. १९१२ साली त्यांनी हे छापलं. मधुमेहाशी याचा संबंध असेल, हेही त्यांनी तेव्हाच ओळखलं. पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९१९ मध्ये ते अल्जीयर्सला प्राध्यापक झाले, १९३६ मध्ये पॅरिसला अचानक वारले.

त्या तपकिरी रंगद्रव्यांना मेलॅनॉइडिन म्हणतात. कॉफीतली मेलॅनॉइडिन्स प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट ठरली आहेत. पण बटाटा फार लाल तळला की याच क्रियेत अ‍ॅक्रिलामाइडही तयार होतं, हे २००२ मध्ये कळलं. आणि मधुमेहींची एचबीएवनसी टेस्ट? रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, ती मायार यांच्याच क्रियेची पहिली पायरी.