सावनेरच्या तिठ्यावरचा बाळकराम

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा पांढुर्ण्याकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. आज सावनेर महाराष्ट्रात आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात असले, तरी 1919 साली हा सारा मुलूख एकाच मध्य प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्याच सावनेरात 23 जानेवारी 1919 रोजी राम गणेश गडकरी यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहेतीस होते.

गडकरी म्हटले की 'एकच प्याला'ची सिंधू आणि गोविंदाग्रजांची कविता आठवते. त्यांचे तिसरे नाव, बाळकराम, मागे पडते. वास्तविक नाटकाच्या दुनियेला आतून ओळखून तिची थट्टा करणारा मराठी लेखक शोधायचा, तर या बाळकरामाकडेच यावे लागते.

विलायतेत ही थट्टा रेषांनी होत असे. 1841 साली लंडनमध्ये 'पंच' सुरू झाले आणि नट, नाटककार, नाट्यगृहाचे मालक, टीकाकार हे सारे त्या साप्ताहिकाच्या चित्रांत सापडू लागले. 'फन' या दुसऱ्या साप्ताहिकात डब्ल्यू. एस. गिल्बर्ट 'बॅब' या सहीने विनोदी पद्ये आणि त्यांसोबतची चित्रे देत. ते नाट्यपरीक्षणेही लिहीत आणि पुढे स्वतःच मोठे नाटककार झाले. मुंबईत 'हिंदी पंच' निघत होते. मराठी रंगभूमीची अर्कचित्रे मात्र प्रामुख्याने शब्दांनीच काढली गेली. त्या वाटेवरचे पहिले मोठे नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे. जन्म नागपूरचा, वकिली वऱ्हाडातली आणि लेखनाचा आरंभ एका नाटकाच्या कठोर परीक्षणापासून. पुढे टीकाकाराचा नाटककार झाला आणि 'सुदाम्याचे पोहे' मधून विनोदकारही झाला. गडकरी त्यांना गुरू मानत.

गडकऱ्यांचा जन्म 26 मे 1885 रोजी गुजरातेत नवसारीला झाला. वडील लवकर वारले. पुण्यात शिक्षण सुरू झाले, पण फर्ग्युसन कॉलेजातला अभ्यास पुरा झाला नाही. मग ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले, तेही नाटककार म्हणून नव्हे. कंपनीतल्या मुलांना शिकवायचे, वेळप्रसंगी नाट्यगृहाच्या दारावर उभे राहायचे, अशी त्यांची कामे होती. नाटक समोरच्या खुर्चीतून पाहणारे पुष्कळ असतात. गडकऱ्यांनी ते दारातून आणि पडद्यामागून पाहिले. प्रेक्षक कोणत्या वाक्याला टाळी देतो, कोणत्या पदाला 'वन्समोअर' घेतो आणि कोणत्या प्रवेशाला पान खायला बाहेर पडतो, हे दारावरच्या माणसाइतके कोणाला कळणार?

बाळकरामाच्या विनोदाचे बळ येथे आहे. 'दीड पानी नाटक' या नावातच पाच अंकी पसाऱ्याची टिंगल आहे. 'कवींचा कारखाना' मध्ये काव्याची प्रतिष्ठा कारखानदारीच्या मापाने मोजली गेली. बाळकराम, तिंबूनाना आणि भांबुराव ही मंडळी कोल्हटकरांच्या सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांची धाकटी भावंडे शोभतात. फरक इतकाच की, कोल्हटकरांचा विनोद वकिलासारखा मुद्दा मांडतो, तर गडकऱ्यांचा विनोद अतिशयोक्तीच्या लाटेवर स्वार होऊन मुद्द्याच्या पार पुढे निघून जातो.

गंमत अशी की, लांबलचक भाषणे, कोट्यांची आतषबाजी, योगायोगांची खैरात हे जे दोष विनोदकार हेरतो, ते नाटककार गडकऱ्यांत भरपूर आहेत. टीकाकारांनी ते दाखवले आणि त्यात खोटे काही नव्हते. 'प्रेमसंन्यास' 1912 साली रंगभूमीवर आले. विधवेच्या प्रेमाची ती शोकांतिका, पण प्रेक्षकांनी घरी नेला तो विसराळू गोकुळ. 'पुण्यप्रभाव' 1916 सालचे. त्यातही भाषेचा पूर पात्रांना कधी कधी वाहून नेतो. गडकऱ्यांना हे कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. हसणारा आणि ज्याला हसायचे तो एकाच अंगरख्यात राहत होता, एवढेच. परक्या चित्रकाराच्या रेषेत जो तिरस्कार येऊ शकतो, तो बाळकरामात सहसा येत नाही याचे कारणही हेच असावे.

दरम्यान क्षयाने शरीर पोखरले होते. आजारपणात ते सावनेरला आले. हातात नाटक होते 'भावबंधन', आणि ते हवे होते बळवंत संगीत मंडळीला. चिंतामणराव कोल्हटकर आणि गोव्यातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांनी 1918 साली ही नवी कंपनी काढली होती. मृत्यूची छाया पडलेल्या त्या घरात गडकरी लिहीत होते ते भाबडा धुंडिराज आणि हसवणारा कामण्णा यांचे प्रवेश. घनश्यामाच्या सूडाचे विष त्या नाटकात आहे, पण शेवट सुखाचा आहे. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी हे नाटक पुरे केले, असे सांगितले जाते. पुढे दीनानाथांची लतिका गाजली. गडकऱ्यांना ती पाहता आली नाही.

'एकच प्याला' लिहून झाले होते, मात्र त्यातील पदे व्हायची होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. 20 फेब्रुवारी 1919 रोजी बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला आणि बालगंधर्व सिंधू झाले. नाटककाराला जाऊन तेव्हा महिनाही भरला नव्हता. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' ही दोन नाटके अपुरी राहिली. त्यांतले दुसरे निखळ हसवण्यासाठी योजलेले होते.