फ्रेड जोन्स: गॅरेज झाडणारा पोरगा आणि ट्रकच्या कपाळावरचा एसी

फेब्रुवारी-मार्चमध्ये धाराशिव जिल्ह्यात द्राक्षांची धांदल सुरू असते. तुळजापूर, कळंबकडच्या बागांमधून माल निघतो आणि निर्यातीचा माल सोलापूर, पुणे करत थेट न्हावा शेवा बंदर गाठतो. जवळपास 400 किलोमीटरचा रस्ता. बाहेर ऊन तापलेलं आणि आत द्राक्षं मात्र 0 अंशाच्या आसपास ठेवायची! मध्येच कूलिंग बंद पडलं तर वर्षभराची मेहनत पेटीतच मऊ पडते.

असा कूलिंगवाला ट्रक ढाब्यावर उभा असताना नीट बघा. गाडीचं इंजिन बंद असतं, ड्रायव्हर जेवायला बसलेला असतो, तरी डब्याच्या पुढच्या बाजूला वरती एक पेटी घरघर करत असते. मध्येच ती आपोआप थांबते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. ही पेटी आली कुठून? आज आपण तिच्यामागच्या माणसाची गोष्ट बघणार आहोत. त्याचं नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स. आणि शेवटी, तुमच्या गाडीचा एसी सांभाळताना त्याच्याकडून काय शिकता येतं, तेही बघू.

लहानपण: शाळा सुटली, गॅरेज मिळालं

फ्रेडचा जन्म 1893 चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या परिसरातला. आईचं छत्र लहानपणीच गेलं. वडील रेल्वेत काम करायचे. एकट्याने पोराला सांभाळणं जमेना, म्हणून त्यांनी त्याला एका कॅथलिक धर्मगुरूंकडे ठेवलं. पुढे वडीलही गेले.

अकराव्या वर्षी पोरगा तिथून निघाला आणि सिनसिनाटीत एका गॅरेजवर कामाला लागला. काम काय, तर झाडलोट! पण झाडू मारताना त्याचं लक्ष मिस्त्रीच्या हाताकडे असायचं. चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत तो स्वतः गाड्या दुरुस्त करू लागला होता. शाळा तिथेच सुटली ती कायमची. पण वाचन सुटलं नाही. जे यंत्र समोर येईल, त्याच्याबद्दल मिळेल ते पुस्तक तो वाचून काढायचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फ्रेड कृष्णवर्णीय होता. त्या काळात अमेरिकेच्या अनेक राज्यांत कृष्णवर्णीयांना शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, हॉटेलात प्रवेश नाही. नोकरी मागायला गेलं की आधी रंग बघायचे, हात नंतर. त्यामुळे फ्रेडकडे दाखवायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे चालू झालेलं यंत्र.

हॅलॉक गावचा सगळं दुरुस्त करणारा माणूस

1912 मध्ये तो मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक नावाच्या छोट्या गावी आला. तिथे एका मोठ्या शेतावर ट्रॅक्टर आणि इतर यंत्रं सांभाळायची नोकरी मिळाली. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात भरती होऊन फ्रान्सला गेला. तिथे वीज आणि तारांची कामं केली आणि युद्ध संपल्यावर परत हॅलॉकला आला.

आपल्याकडे प्रत्येक गावात एक माणूस असतो बघा, मोटार जळाली, मिक्सर बिघडला, की सगळे त्याच्याकडे जातात. फ्रेड हॅलॉकचा तसा माणूस झाला. गावच्या रेडिओ केंद्रासाठी त्याने ट्रान्समीटर बनवला. डॉक्टरांसाठी हलवता येणारं एक्स-रे मशीन बनवलं. बर्फात पेशंटकडे जाता यावं म्हणून पंख्यावर धावणारी घसरगाडी बनवली. स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन तो शर्यतीतही उतरायचा.

मग बोलपटांचा जमाना आला. गावच्या थिएटरला आवाजाची महागडी यंत्रणा परवडणारी नव्हती. फ्रेडने हाताशी होतं त्या सामानातून ती तयार केली. ही बातमी मिनियापोलिस शहरात सिनेमाची उपकरणं बनवणाऱ्या जोसेफ न्यूमेरो यांच्या कानावर गेली आणि त्यांनी 1930 च्या सुमारास फ्रेडला आपल्याकडे बोलावून घेतलं. तिकीट देणारं एक मशीनही त्याने बनवलं, त्याचं पेटंट 1939 चं आहे.

कोंबड्यांचा ट्रक आणि एक पैज

तेव्हा ट्रकमधून नाशवंत माल न्यायचा म्हणजे बर्फाच्या लाद्या आणि मीठ टाकायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. रस्त्यात गाडी बंद पडली की बर्फ वितळला, माल गेला!

1938 च्या सुमारास न्यूमेरो यांच्या ओळखीच्या एका ट्रकमालकाची कोंबडीच्या मांसाची अख्खी खेप अशीच उन्हात सडली. गोल्फ खेळताना विषय निघाला. थिएटरात गार हवा मिळते, मग ट्रकमध्ये का नाही? न्यूमेरो यांनी थट्टेत हे काम अंगावर घेतलं. खरं काम अर्थातच फ्रेडच्या टेबलावर आलं.

आता यात अवघड काय होतं? गार करण्याची पद्धत तर आधीपासून माहीत होती. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये (कंडेन्सर) तो उष्णता सोडून द्रव होतो, मग बारीक वाटेतून एकदम मोकळा होतो आणि आतल्या कॉइलमध्ये (इव्हॅपोरेटर) उष्णता शोषून घेतो. फ्रीज असो की एसी, चक्र हेच.

पण फ्रीज भिंतीला टेकून शांत उभा असतो. ट्रक धक्के खातो. त्या काळच्या मोठ्या मशिनी रस्त्यावर टिकत नव्हत्या, कारण हादऱ्यांनी नळ्यांचे जोड ढिले व्हायचे आणि गॅस निघून जायचा. वजन आणि जागेचाही प्रश्न होता. इंजिनिअरांना हे सगळं कागदावर सोडवायचं होतं. फ्रेडने मात्र पंचवीस-तीस वर्षं खडखडणाऱ्या गाड्या हाताने उघडल्या होत्या. कुठला भाग आधी सैल होतो, हे त्याच्या बोटांना माहीत होतं.

चुकलेली जागा, सुधारलेली जागा

फ्रेडने स्वतःचं छोटं इंजिन असलेलं, धक्के सोसणारं युनिट बनवलं. 1938 मध्येच न्यूमेरो यांनी सिनेमाचा धंदा विकून नवी कंपनी काढली. हीच पुढे थर्मो किंग नावाने जगभर ओळखली गेली.

पण पहिलं युनिट बसवलं होतं ट्रकच्या खाली. जड तर होतंच, वर रस्त्याची धूळ आणि चिखल सगळा त्याच्यावर. फ्रेड अडून बसला नाही. युनिट हलकं केलं आणि उचलून डब्याच्या पुढच्या भिंतीवर, वरती नेलं. तिथे चिखल पोहोचत नाही, वारा मोकळा लागतो आणि मिस्त्रीला काम करणंही सोपं. म्हणून आजही ती पेटी ट्रकच्या कपाळावर दिसते.

1943 मध्ये त्याला आणखी दोन महत्त्वाची पेटंट मिळाली. एक, पेट्रोल इंजिन आपोआप सुरू-बंद करण्याचं. आतलं तापमान वाढलं की इंजिन सुरू, हवं तेवढं झालं की बंद. ढाब्यावर जी घरघर मध्येच थांबते ना, ती कल्पना हीच. दुसरं पेटंट काढता-घालता येणाऱ्या कूलिंग युनिटचं. म्हणजे बिघाड झाला तर अख्खा ट्रक अडकवून ठेवायचा नाही, युनिट काढायचं आणि दुरुस्त करायचं.

मिनेसोटातली थंडी कडक असते. तिथे हिवाळ्यात प्रश्न उलटा, भाजीपाला गोठून खराब व्हायचा! म्हणून फ्रेडने बंदिस्त जागा गरजेप्रमाणे गार किंवा गरम करणाऱ्या यंत्रणेवरही काम केलं. तिचं पेटंट 1954 चं आहे.

दुसऱ्या महायुद्धात त्याची युनिटं रक्त, औषधं आणि अन्न गार ठेवायला सैन्याच्या कामी आली. 1944 मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ रेफ्रिजरेशन इंजिनिअर्स या संस्थेने त्याला सदस्य करून घेतलं. तिथे निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय. कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस इंजिनिअरांच्या रांगेत बसला.

21 फेब्रुवारी 1961 ला मिनियापोलिसमध्ये त्याचं निधन झालं. नावावर 60 हून अधिक पेटंट, त्यातली 40 च्या आसपास कूलिंगची. सर्वात मोठा सन्मान मात्र 30 वर्षं उशिरा आला. 1991 मध्ये अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी त्याला आणि न्यूमेरो यांना मरणोत्तर देण्यात आलं. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय संशोधक.

आपल्या गाडीसाठी फ्रेडचे धडे

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या आपल्याकडेही आल्या. तुमच्याकडे कॅरॅव्हॅन असो, टूरची गाडी असो की साधी कार, काळजी जवळपास तीच घ्यायची.

1. गॅस संपत नाही, गळतो. पेट्रोलसारखा एसीचा गॅस खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. गॅससोबत कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरतं, म्हणून जोडापाशी तेलकट डाग दिसला की संशय घ्या. आधी गळती शोधायला सांगा, मग गॅस भरा.

2. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात ओल. धाराशिवचा मे महिना कोरडा असतो, म्हणून घरचा कूलर तेव्हा मस्त गार करतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो. कारण कूलर हवेत पाणी मिसळतो, एसी हवेतलं पाणी काढतो. ते पाणी ड्रेन पाईपमधून गाडीखाली टपकायला हवं. पाईप तुंबला की पाणी आत, पायाशी येतं. आतली कॉइल आणि फिल्टर घाण असेल तर कुबट वास येतो, कधी कॉइलवर बर्फही धरतो. म्हणून उन्हाळ्याआधी बाहेरची कॉइल आणि पावसाळ्याआधी फिल्टर, ड्रेन साफ करून घ्या. कॉइलवर जोराचा फवारा मारू नका, पातळ पत्रे वाकतात आणि हवा अडते.

3. व्हॅक्यूम केल्याशिवाय गॅस नको. नळ्या उघडल्या की दमट हवा आत शिरते. ते पाणी बारीक वाटेत गोठून रस्ता अडवतं, शिवाय आतून गंज धरतो. म्हणून गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या करायच्याच. घाईत हे टाळणाऱ्या मिस्त्रीला थांबवा.

4. हीटर म्हणजे इंजिनचीच उष्णता. बऱ्याच गाड्यांत इंजिनचं गरम कूलंट एका छोट्या रेडिएटरमधून फिरवून हीटर चालतो. हीटर गरम होत नसेल तर आधी कूलंटची पातळी बघा. मात्र इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

5. जिवाची काळजी आधी. बंद गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वासही येत नाही आणि जाग येत नाही. एसीच्या नळ्या घरी खोलू नका, दाबाखालचा गॅस डोळ्यात किंवा कातडीवर गेला तर थंडीने इजा होते.

जाता जाता

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आहे. बरीच पोरं त्याला दुय्यम समजतात, कारण हात काळे होतात. पण द्राक्षाचा ट्रक सोलापूरच्या पुढे उन्हात बंद पडला, तर शेतकऱ्याला त्या क्षणी गळती शोधणारा मिस्त्रीच वाचवू शकतो. फ्रेड जोन्सने आयुष्यभर तेच केलं. बिघडलेली वस्तू उघडली, का बिघडली ते शोधलं आणि पुन्हा त्याच कारणाने बिघडणार नाही अशी बनवली.

पुढच्या वेळी हायवेवर ती घरघरणारी पेटी दिसली, की सोबतच्या मित्राला तिची गोष्ट नक्की सांगा.