बाकूचा एका वर्षाचा राष्ट्राध्यक्ष

१८ जून १९९३ची सकाळ उजाडली, तेव्हा अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष राजधानीत नव्हते. अबुलफझ एल्चीबे रात्रीतून विमानाने नखिचेवानला निघून गेले होते आणि तेथून डोंगरातल्या केलेकी या आपल्या जन्मगावी पोचले होते. बंडखोरांच्या फौजा बाकूच्या रोखाने चालून येत होत्या. जेमतेम वर्षभरापूर्वी, ७ जून १९९२ रोजी, सुमारे ६० टक्के मते देऊन याच देशाच्या जनतेने त्यांना निवडले होते. सोव्हिएत संघराज्यातून बाहेर पडलेल्या या देशातील ती पहिली खरीखुरी चुरशीची निवडणूक. तशी निवडणूक अझरबैजानने त्यानंतर पाहिली नाही, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

एल्चीबे हे त्यांचे मूळ नाव नव्हे. 'एल्ची' म्हणजे दूत आणि 'बे' ही आदरार्थी उपाधी. चळवळीच्या काळात त्यांनी ते धारण केले. कागदोपत्री ते अबुलफझ अलीयेव. ज्या माणसाने पुढे त्यांची जागा घेतली त्याचे आडनावही अलीयेवच. मात्र दोघांत नातेसंबंध नव्हता. २४ जून १९३८ रोजी जन्मलेल्या या खेडवळ मुलाने बाकूच्या विद्यापीठात अरबी भाषेचे शिक्षण घेतले. १९६३-६४ मध्ये सोव्हिएत मदतीने इजिप्तमध्ये अस्वान धरण उभे राहत होते. तेथे तो दुभाषा म्हणून गेला. परतल्यावर मध्ययुगीन इजिप्तमधील तुलुनी राजवटीवर संशोधन केले व विद्यापीठात इतिहास शिकवू लागला.

वर्गात तो इतिहासापुरता थांबत नसे, हीच अडचण होती. अझरबैजानी लोकांची भाषा, त्यांचे तुर्की मूळ, अरास नदीने दोन देशांत विभागलेला त्यांचा समाज हे विषय विद्यार्थ्यांशी बोलणे त्या काळात साधी गोष्ट नव्हती. जानेवारी १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. दीड वर्ष कारावास भोगावा लागला. तोही दगडाच्या खाणीत राबून. त्या वेळी अझरबैजानच्या कम्युनिस्ट पक्षाचे सर्वेसर्वा होते हैदर अलीयेव. त्याआधी ते प्रजासत्ताकातील केजीबीचे प्रमुख होते. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

सुटकेनंतर विद्यापीठाची दारे बंद झाली. विज्ञान अकादमीच्या हस्तलिखित संस्थेत त्यांना काम मिळाले. जुनी हस्तलिखिते वाचणारा हा दाढीधारी, सडपातळ विद्वान १९८८ साली बाकूच्या लेनिन चौकात लाखोंच्या सभांसमोर उभा राहिला, तो नागोर्नो-काराबाखच्या प्रश्नामुळे. बहुसंख्य आर्मेनियन वस्तीचा हा अझरबैजानी प्रदेश आर्मेनियात जाऊ पाहत होता. मॉस्कोचा धाक ओसरला होता आणि दोन्हीकडे रक्त सांडू लागले होते. १९८९ मध्ये लोकआघाडी स्थापन झाली व एल्चीबे तिचे अध्यक्ष झाले. २० जानेवारी १९९० रोजी सोव्हिएत रणगाडे बाकूत घुसले, शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्याआधीच्या आठवड्यात शहरातील आर्मेनियनांवर झालेले हल्लेही इतिहासात नोंदले गेले आहेत. त्या दिवसांची आठवण काढताना बाकूत त्यांचा उल्लेख क्वचित होतो.

स्वातंत्र्य आले ते ऑक्टोबर १९९१ मध्ये. पण सत्ता जुन्या पक्षाचे आयाझ मुतालिबोव यांच्याच हाती राहिली. फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजाली गावातील अझरबैजानी नागरिकांचे हत्याकांड झाले आणि मुतालिबोव यांना पायउतार व्हावे लागले. मे महिन्यात त्यांना परत आणण्याचा संसदेचा प्रयत्न लोकआघाडीने एका दिवसात हाणून पाडला. मग ७ जूनची निवडणूक झाली. एल्चीबे यांच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याने सुमारे एकतृतीयांश मते मिळवली. ९८ आणि ९९ टक्क्यांच्या निकालांची सवय असलेल्या देशात पराभूत उमेदवाराला एवढी मते मिळणे, हीच त्या निवडणुकीच्या खरेपणाची साक्ष होती. हैदर अलीयेव मात्र या स्पर्धेत नव्हते. पासष्टीपुढच्या व्यक्तीला उमेदवारी नाही, अशी तरतूद तेव्हा होती. ते नखिचेवानमध्ये बसून होते.

नखिचेवान म्हणजे मुख्य भूमीपासून तुटलेला अझरबैजानचा तुकडा. मध्ये आर्मेनिया, दक्षिणेला इराण आणि एका कोपऱ्यात तुर्कस्तानची काही किलोमीटरची सीमा. या तुकड्याचा नकाशा पाहिला की बाकूच्या कोणत्याही राज्यकर्त्याला परराष्ट्र धोरण किती जपून आखावे लागते हे कळते. एल्चीबे यांनी ते जपून आखले नाही.

त्यांची दिशा स्पष्ट होती. मॉस्कोपासून दूर जायचे, अंकाराला जवळ करायचे, पश्चिमेकडे दार उघडायचे. स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलाचा करार त्यांच्या काळात संसदेने मंजूर केला नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये मनात हे स्वतःचे चलन आले. रशियन फौजांनी देश सोडावा यासाठी त्यांनी आग्रह धरला आणि मे १९९३ अखेर त्या गेल्याही. बाल्टिक देशांतही रशियन सैनिक अजून तळ ठोकून असताना हे घडले, ही मोठीच कामगिरी म्हणावी लागेल. कास्पियन समुद्रातील तेलासाठी पाश्चात्त्य कंपन्यांशी करार जवळपास ठरला होता. जूनअखेरीस लंडनमध्ये त्यावर सह्या व्हायच्या होत्या.

दुसरी बाजू अशी की, मॉस्कोला दुखावतानाच त्यांनी तेहरानलाही दुखावले. इराणमधील अझरबैजानी लोकसंख्या खुद्द अझरबैजानपेक्षा अधिक आहे. दक्षिण व उत्तर अझरबैजान एक व्हावेत, ही त्यांची जुनी भावना राष्ट्राध्यक्षपदी आल्यावरही त्यांच्या बोलण्यातून लपली नाही. विद्वानाला हे शोभले असते. युद्धात गुंतलेल्या राष्ट्राच्या प्रमुखाला ते परवडणारे नव्हते. ज्या वॉशिंग्टनकडे ते आशेने पाहत होते, त्याच्या काँग्रेसने आर्मेनियाच्या नाकेबंदीचे कारण देऊन ऑक्टोबर १९९२ मध्येच अझरबैजान सरकारला थेट मदत देण्यास बंदी घातली. तुर्कस्तानचे प्रेम खरे होते, पण त्यासाठी रशियाशी लढाई ओढवून घेण्याची अंकाराची तयारी नव्हती.

हे सारे एप्रिल १९९३ मध्ये एकदम उघडे पडले. आर्मेनियन फौजांनी केल्बाजार जिल्हा घेतला. सुमारे ६० हजार माणसे बर्फाच्छादित खिंडी ओलांडून पळाली. तुर्कस्तानने आर्मेनियाची सीमा बंद केली, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव केला. जमीन परत मिळाली नाही. १९९२च्या उन्हाळ्यात ज्या सैन्याने मोठी मुसंडी मारली होती, ते सैन्य म्हणजे खरे तर वेगवेगळ्या म्होरक्यांच्या खाजगी टोळ्यांची मोट होती. त्यातला एक म्होरक्या, लोकरीच्या धंद्यातून पुढे आलेला सुरत हुसेनोव, अपयशाबद्दल पदावरून दूर केला गेला होता. तो गांजा शहरात आपल्या माणसांसह ठाण मांडून बसला. रशियन छत्रीधारी सैनिकांची तुकडी गांजा सोडून गेली, तेव्हा तिची बरीच शस्त्रे त्याच्या हाती पडली. हा निव्वळ योगायोग मानणारे फार थोडे.

४ जून रोजी सरकारने त्याला निःशस्त्र करण्याचा प्रयत्न केला. तो फसला, माणसे मेली, आणि हुसेनोव राजधानीकडे निघाला. पंतप्रधानांनी राजीनामा दिला, संसदेच्या सभापतींनीही. या कोंडीत एल्चीबे यांनी नखिचेवानहून बोलावून घेतले ते हैदर अलीयेव यांना. ज्याच्या राजवटीत दगड फोडले, त्यालाच त्यांनी देश सावरायला हाक मारली. १५ जून रोजी अलीयेव सभापती झाले. तीन रात्रींनी एल्चीबे निघून गेले.

ते का गेले, यावर अझरबैजानमध्ये अजून वाद होतो. आघाडीवर शत्रू असताना राजधानीत भाऊबंदकीचे रक्त नको, म्हणून त्यांनी माघार घेतली, असे त्यांचे चाहते सांगतात. राजीनामा न देता निघून जाणे म्हणजे मतदारांनी सोपवलेली ठेव वाऱ्यावर सोडणे, असे टीकाकार म्हणतात. प्रस्तुत लेखकाला दोन्हींत तथ्य वाटते. परंतु बाकूत राहून ते कोणत्या सैन्याच्या बळावर लढणार होते, या प्रश्नाचे उत्तर टीकाकार देत नाहीत. रक्तपात टळला हे खरे. जमीन मात्र वाचली नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात अग्दाम, फिझुली, जेब्राईल, झंगिलान एकामागून एक पडले.

२९ ऑगस्टच्या सार्वमतात ९७ टक्क्यांहून अधिक मते एल्चीबे यांच्या विरोधात पडल्याचे जाहीर झाले. ३ ऑक्टोबरच्या निवडणुकीत हैदर अलीयेव ९८.८ टक्के मतांनी विजयी झाले. जुने आकडे परत आले होते. अझरबैजान राष्ट्रकुलात सामील झाला. तेलाचा करार मात्र पाश्चात्त्य कंपन्यांशीच, सप्टेंबर १९९४ मध्ये झाला. मॉस्को, तेहरान, वॉशिंग्टन या तिघांनाही हाताशी धरून चालण्याची जी कसरत एल्चीबे यांना जमली नाही, ती अलीयेव यांनी लीलया केली. त्याची किंमत मतपेटीने मोजली.

केलेकीत एल्चीबे चार वर्षे राहिले, जवळजवळ नजरकैदेतच. ऑक्टोबर १९९७ मध्ये ते बाकूला परतले. १९९८च्या निवडणुकीवर त्यांनी बहिष्कार टाकला. राष्ट्राध्यक्षांची बदनामी केल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला आणि नंतर मागे घेण्यात आला. त्यांच्या पक्षात तोवर फूट पडू लागली होती. २२ ऑगस्ट २००० रोजी अंकारातील रुग्णालयात कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

बाकूतील सन्मान-दफनभूमीत त्यांची कबर आहे. डिसेंबर २००३ मध्ये हैदर अलीयेव यांचे निधन झाले, त्यांनाही तेथेच विसावा मिळाला. त्याआधी दोन महिने त्यांचे पुत्र इल्हाम राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांच्याच कारकिर्दीत, २५ नोव्हेंबर २०२० रोजी, ४४ दिवसांच्या युद्धानंतर केल्बाजार अझरबैजानला परत मिळाले. फेब्रुवारी २०२४च्या निवडणुकीत इल्हाम अलीयेव यांना ९२ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले.